लहान शाळा, मोठा निर्णय : चिमुकल्यांची शाळा निवडताना

रविवारची मराठी मिस्सा आटोपल्यानंतर घाटकोपर येथील एक तरुण दांपत्य आमच्याशी बोलण्यासाठी चर्चच्या आवारात थांबले होते. पतीचे मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, पत्नीचे माहेर वसईचे. साडेतीन वर्षांची मुलगी आईचे बोट धरून उभी होती. प्रश्न साधा होता : "फादर, हिला कोणत्या शाळेत घालावे?"

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. पहिला नामांकित मोठ्या शाळेचा. तेथे ज्युनिअर केजीत एकदा प्रवेश मिळाला की दहावीपर्यंत चिंता नाही. आजीचा आग्रह याच शाळेसाठी होता. दुसरा पर्याय एका ख्रिस्ती शिक्षिकेने दोन खोल्यांत चालविलेल्या छोट्या शाळेचा. तेथे वीसेक मुले आहेत. घंटा नाही, गृहपाठ नाही, क्रमांक नाहीत. कोणते काम आधी करायचे हे मूल स्वतः ठरविते, बाई सोबत असतात, दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. मुलीने दोन्ही ठिकाणे पाहिली होती. पहिल्या ठिकाणी ती रडली, दुसऱ्या ठिकाणाहून घरी यायला तयार नव्हती. "पण फादर, पुढे काय?" असे वडिलांनी विचारले, तेव्हा आम्हांला त्यांना तत्काळ उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न एका कुटुंबापुरता नाही. आपल्या अनेक धर्मग्रामांतील तरुण पालक आज त्याच वळणावर उभे आहेत. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथे करीत आहोत.

प्रश्न आताच का?

गेल्या काही वर्षांत देशातील बालशिक्षणाची चौकट बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाची रचना ५+३+३+४ अशी मांडली. तिच्यातील पहिली पाच वर्षे, म्हणजे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ, 'पायाभूत स्तर' मानला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करावयाची कामे हेच या वयातील शिक्षण होय, आणि ते शक्यतो घरच्या भाषेत व्हावे, हे त्याचे सूत्र आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच वयोगटासाठी 'जादुई पिटारा' हा खेळसाहित्याचा संच केंद्र शासनाने सादर केला. कागदावर तरी राज्यव्यवस्थेने मान्य केले आहे की चार वर्षांच्या मुलाला बाकावर जखडून अक्षरे गिरवायला लावणे हे शिक्षण नव्हे.

प्रत्यक्षात काय दिसते? घाटकोपरच्या स्थानकाबाहेर सकाळी सातच्या सुमारास उभे राहावे. मेट्रो आणि लोकल यांच्या गर्दीतून वाट काढीत, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांत झोप घेऊन चाललेली बालके दिसतात. धोरण बदलले, पण पालकांच्या मनातील भीती बदललेली नाही. आपले मूल मागे पडेल ही ती भीती होय, आणि तिच्यावरच शिकवणी वर्गांपासून डोनेशनपर्यंतचा सारा व्यवहार उभा आहे.

लहान मुलांवर किती भार टाकावा, हा प्रश्न २०२५ साली महाराष्ट्रात रस्त्यावरही आला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल रोजी निघाला, १७ जून रोजी त्यात बदल झाला आणि तीव्र विरोधानंतर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. त्या वादात राजकारण होते, तसेच सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूवर आणि मनावर कितीसे लादावे ही खरीखुरी काळजीही होती. ती काळजी भाषेच्या प्रश्नापुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

दुसरीकडे, २०२० च्या महामारीनंतर अमेरिकेत अगदी लहान शाळांची चळवळ वाढली. दहा-वीस मुले, एक-दोन मार्गदर्शक आणि मुलाच्या गतीने चालणारे शिक्षण, असे त्यांचे स्वरूप. त्यांतील काही शाळा ख्रिस्ती कुटुंबांनी श्रद्धेच्या पायावर उभ्या केल्या आहेत. त्यांची माहिती आपल्या तरुण पालकांपर्यंत मोबाइलवरून पोहोचते आणि हे काहीतरी नवे, परदेशी आहे असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे.

ही वाट आपल्याच मातीतील

मुलाच्या कलाने शिकविण्याचा विचार मराठी मुलखात आणणाऱ्यांत एक ख्रिस्ती स्त्री होती. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांनी तेथे फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. रमाबाई कॅथलिक नव्हत्या; तरीही मराठी ख्रिस्ती समाजाने ज्यांच्याकडे अभिमानाने पाहावे अशा त्या शिक्षिका होत्या.

त्यानंतरचा टप्पा एका कॅथलिक स्त्रीचा. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले 'बालगृह' रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. दिवस होता ६ जानेवारी १९०७, म्हणजे प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत आणि भिंतींशी खेळत राहणारी ती मुले होती. आज महागड्या फीचे फलक ज्या नावाने लागतात, त्या पद्धतीचा जन्म कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला, हे विसरता कामा नये. घाटकोपरच्या चिराग नगरात, असल्फ्याच्या टेकडीवर किंवा भटवाडीत ती अधिक शोभून दिसली असती. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांना येथेच राहावे लागले, आणि त्या काळात त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

त्यापूर्वीच १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा निर्णय. त्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना उभी राहिली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली. माँटेसरी साहित्य महाग, म्हणून बिया, शंखशिंपले, पाने, काड्या आणि दगडगोटे हेच शिक्षणसाहित्य झाले. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

मुंबईतही याचे उदाहरण आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या, त्या कोणाच्या घरात, कोठे देवळात, कोठे मंडळाच्या खोलीत भरत. इमारतीवाचून शाळा होऊ शकते, हे त्यातून दिसले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मूलकेंद्री शिक्षण ही श्रीमंतांची चैन नाही. आणि शाळा लहान असणे हे त्याचे सार नाही. सान लोरेन्झोच्या पहिल्या वर्गात सुमारे पन्नास मुले होती. सार आहे ते मोठ्या माणसाच्या दृष्टीत : मुलाला रिकामे भांडे समजायचे, की परमेश्वराने ज्याच्या अंतरंगात आधीच काही पेरले आहे अशी व्यक्ती मानायचे.

ख्रिस्तसभा काय सांगते?

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि शाळेची निवड करण्याचे खरे स्वातंत्र्य त्यांना असले पाहिजे, असे तो म्हणतो. शाळा ही पालकांना साहाय्य करते. त्यांची जागा घेत नाही. नामांकित शाळेत प्रवेश झाला की आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या पालकाने, आणि पालकाला फाटकाबाहेर उभे करणाऱ्या शाळेने, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे. गरिबांकडे, कुटुंबाच्या आधाराला पारखे झालेल्यांकडे आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांकडे कॅथलिक शाळेने विशेष लक्ष द्यावे, अशीही त्या जाहीरनाम्याची अपेक्षा आहे.

या जाहीरनाम्याला साठ वर्षे पूर्ण होत असताना, २७ ऑक्टोबर २०२५ रोजी, पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणाविषयी एक प्रेषितीय पत्र दिले. माणूस म्हणजे कौशल्यांची यादी नव्हे, तो एक चेहरा, एक जीवनकथा आणि एक पाचारण आहे, असा त्याचा आशय आहे. साडेतीन वर्षांच्या बालिकेची 'चाचणी' घेणाऱ्या जगात हे म्हणणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

शुभवर्तमानाकडे पाहिले तर बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला दिसतो. तो ऐकतो आणि प्रश्न विचारतो. गुरुजन त्याला गप्प करीत नाहीत, उलट त्याच्या समजुतीचे त्यांना आश्चर्य वाटते. आपल्या किती वर्गांत मूल प्रश्न विचारते? आणि त्याच प्रसंगाचा शेवटही विसरू नये : येशू आईवडिलांबरोबर नासरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. जिज्ञासेचे स्वातंत्र्य आणि प्रेमाची शिस्त या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत. मुलाच्या कलाने चालणे म्हणजे मुलाच्या लहरीने चालणे नव्हे. जी शाळा हा भेद जाणत नाही, ती लहान असो वा मोठी, मुलाचे नुकसान करील.

धर्मशिक्षणातही ही वाट चोखाळलेली आहे. बायबलच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि माँटेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी १९५४ साली रोममध्ये 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' सुरू केले. तीन वर्षांचे मूल लाकडी मेंढपाळ आणि मेंढरे हाताळीत दाखला ऐकते, छोट्या वेदीवर छोटा चषक ठेवते आणि शांत बसते. त्यात पाठांतर थोडे आणि नवल अधिक. लहान मूल परमेश्वराला ओळखण्यास समर्थ आहे, हा त्यामागील विश्वास आहे.

लाभ आणि धोके

छोट्या शाळेचे लाभ उघड आहेत. शिक्षिकेला प्रत्येक मूल नावाने आणि स्वभावाने ठाऊक असते. थोरले मूल धाकट्याला शिकविते. मूल चुकते तेव्हा त्याची हजेरीपटावर नोंद होत नाही. त्याला पुन्हा करून पाहण्याची संधी मिळते. भांडण झाले तर क्षमा मागायला आणि क्षमा करायला वेळ असतो. साठ मुलांच्या वर्गात चांगल्या शिक्षिकेलाही हे जमत नाही. दोष तिचा नसतो, संख्येचा असतो.

पण धोके लपवून चालणार नाही.

पहिला धोका कायद्याचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीची वर्षे त्याच्या हमीबाहेर राहिली. पूर्वप्राथमिक केंद्रे म्हणूनच दीर्घकाळ फारशा देखरेखीविना चालली. मात्र पहिलीपासूनचे वर्ग चालवायचे तर शासनाची परवानगी आणि मान्यता लागते. "आमच्याकडे पाचवीपर्यंत सोय होईल" असे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. मान्यतापत्र आणि यू-डायस क्रमांक आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

अल्पसंख्याक शाळांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने आपल्याला शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी द्विसदस्यीय खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा अशी शिफारस केली. आपण न्यायालयात आपल्या हक्काची बाजू जरूर मांडावी. पण त्याच कायद्यात मुलांच्या व पालकांच्या मुलाखतींवर बंदी आहे, कॅपिटेशन फीवर बंदी आहे, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी आहे, आणि पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. या गोष्टी पाळण्यासाठी ख्रिस्ती शाळेला कायद्याच्या सक्तीची वाट का पाहावी लागावी? सवलत मिळाली म्हणून कर्तव्य संपत नाही.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. मोठी शाळा म्हणून मूल सुरक्षित, असे समजण्यात अर्थ नाही. तसेच लहान आणि ओळखीची शाळा, तीही ख्रिस्ती, म्हणून ते आपोआप सुरक्षित, असेही नाही. जवळिकीत प्रश्न विचारणे अवघड होते, हेच तिचे दुबळेपण. ख्रिस्तसभेने या बाबतीत जगभर फार मोठी किंमत मोजली आहे. त्यामुळे आपण तरी डोळे झाकू नयेत.

तिसरा धोका पुढच्या टप्प्याचा. मुंबईतील बहुतेक मोठ्या शाळा केजीपासूनच भरतात आणि पहिलीला थोड्याच जागा उरतात. मोकळ्या वातावरणातील मूल सहाव्या-सातव्या वर्षी अचानक साठ मुलांच्या वर्गात गेले तर भांबावते. हा विचार पालकांनी आजच केला पाहिजे.

चौथा धोका आपल्या साक्षीचा आहे आणि आमच्या मते तो सर्वांत गंभीर आहे. अशा शाळा फी परवडणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, एकाच थरातील कुटुंबांचे बेट होऊन बसल्या तर 'ख्रिस्ती' हे नाव फलकापुरते राहील. प्रभूने बालकाला मध्यभागी उभे केले, तेव्हा त्याने ते कोणाचे हे विचारले नव्हते. रिक्षाचालकाचे मूल, घरकाम करणाऱ्या बाईचे मूल, शेजारच्या हिंदू वा मुस्लिम घरातील मूल आणि शिकायला वेळ लागणारे मूल, यांतील कोणीच जेथे नाही, तेथे आपले मूल शेजारधर्म कोठून शिकणार?

निवड करताना

मग पालकांनी करावे काय? माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नये. एक सकाळ शाळेत बसून पाहावे. शिक्षिका मुलाशी बोलताना खाली वाकते का? रडणाऱ्या मुलाजवळ कोणी जाते का? मुले हाताने काम करीत आहेत की पडद्याकडे पाहत आहेत? दोन मुले एका वस्तूसाठी भांडली तर काय होते? एका सकाळीत उत्तर मिळते.

नंतर काही रोखठोक प्रश्न विचारावेत. शिक्षिकांचे प्रशिक्षण कोठे झाले? बाई आजारी पडल्या तर मुलांना कोण पाहते? कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलांना शौचालयात कोण नेते? तक्रार कोणाकडे करायची? फी किती, ती कशी वाढते आणि कोणाला सवलत मिळते? गेल्या काही वर्षांतील मुले येथून कोठे गेली? प्रामाणिक शाळेला या प्रश्नांचा राग येत नाही.

ख्रिस्तीपणाची पारखही करावी. भिंतीवर क्रूस आहे, सकाळी प्रार्थना होते, हे उत्तमच. पण सफाई करणाऱ्या मावशींना मुले नावाने हाक मारतात का? डबा नसलेल्या मुलाला आपल्यातले दिले जाते का? शिक्षिका स्वतः चुकली तर मुलाची क्षमा मागते का? खरे धर्मशिक्षण येथे दिसते.

आणि भाषा. मराठी घरातील मुलाला पहिली गोष्ट, पहिले गाणे आणि पहिली प्रार्थना मराठीत मिळावी, असे आम्हांला मनापासून वाटते. इंग्रजी अवश्य शिकावी, पण तिच्यासाठी मायबोलीला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे कारण नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत आजीबरोबर रोझरी म्हणताना ज्या नातीला शब्द कळत नाहीत, तिचे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही.

धर्मग्रामाची जबाबदारी

हा भार एकट्या पालकांवर टाकून आम्हां धर्मगुरूंना मोकळे होता येणार नाही. आपल्या शाळांनी मुंबईच्या कित्येक पिढ्या घडविल्या, हा वारसा मोठा आहे. पण आज त्याच शाळांच्या बालवर्गात मूलकेंद्री पद्धती किती उतरली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. मोठी शाळाही आपला बालवर्ग लहान गटांत, खेळातून, मुलाच्या गतीने चालवू शकते. त्यासाठी इमारत पाडावी लागत नाही. दृष्टी बदलावी लागते आणि शिक्षिकांना प्रशिक्षण द्यावे लागते.

धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील बहुतेक सकाळी रिकामे असते. तेथे सर्वधर्मीय मुलांसाठी अल्प शुल्कात बालवाडी चालविता येईल. निवृत्त शिक्षिका, धर्मभगिनी आणि तरुण माता पुढे येऊ शकतील. ताराबाई आणि अनुताईंनी बिया आणि शिंपल्यांवर जे केले, ते आपल्याला जमणार नाही असे नाही. अशा मुलांना पुढे पहिलीत सामावून घेण्याचे आश्वासन जवळच्या कॅथलिक शाळेने दिले, तर "पुढे काय?" हा प्रश्नच बराचसा सुटेल.

त्या दांपत्याला आम्ही पुढील रविवारी उत्तर दिले. छोट्या शाळेत मुलीला घालावे, मात्र आधी वरील प्रश्न विचारून घ्यावेत, पहिलीच्या प्रवेशाची तजवीज दोन वर्षे अगोदर करावी, आणि मुलीला रोज रात्री एक गोष्ट स्वतः सांगावी, असे आमचे म्हणणे होते. आजी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोष्ट मी सांगीन, फादर. पण शाळा बंद पडली तर?" त्यांचा प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर कोणत्याही शाळेकडे नाही. ते आपल्या धर्मग्रामाने द्यायचे आहे. एखाद्या कुटुंबाने मुलाच्या भल्यासाठी अवघड वाट निवडली, तर त्या वाटेवर ते एकटे पडणार नाही, एवढी हमी आपण देऊ शकलो तर पुष्कळ झाले.

बालकांना आपल्याजवळ बोलाविणारा प्रभू आपल्या पालकांना विवेक देवो आणि आपल्याला, त्यांच्या सेवकांना, लाज वाटण्याइतकी जाग देवो.